कपाळावरची बारावी खूण

माईंना आंधळ्या माणसांची भीती कधी वाटली नव्हती. चाळीस वर्षं डोळ्यांच्या दवाखान्यात ऑपरेशन थिएटरची सिस्टर म्हणून उभ्या राहिलेल्या बाईला ती वाटणार तरी कशी? आपण काही बोलायच्या आत ही माणसं मान वळवतात. चपलेच्या आवाजावरून, स्पिरिटच्या वासावरून त्यांना कळतं कोण आलं ते. नवीन पोरी दचकायच्या. माई म्हणायच्या, "अगं, बघत नाहीयेत ती. ऐकतायत. तू आपली सरळ चाल."

पण या परक्या देशातल्या शाळेच्या लांबलचक व्हरांड्यात, डोळ्यांच्या शिबिराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, चाळीसएक माणसांनी एकदम माना वळवल्या, तेव्हा माईंची पावलं अडखळली. सगळे भिंतीला टेकून बाकांवर बसले होते. बऱ्याच जणांच्या कपाळावर, भुवईच्या वर, जांभळी खूण होती.

ती खूण माईंची होती. म्हणजे शोधच त्यांचा. तेविसाव्या वर्षी, नोकरीला लागून चार महिने झालेले असताना, एका म्हाताऱ्या गृहस्थांचा चुकीचा डोळा त्यांनी धुऊन पुसून तयार केला होता. हिरव्या कापडाखालून ते गृहस्थ अगदी हळू, जणू माईंनाच वाईट वाटू नये अशा आवाजात म्हणाले होते, "बाई, हा नाही हो, तो." त्या दिवसापासून माई प्रत्येकाच्या कपाळावर स्वतःच्या हाताने खूण करत. टिकलीएवढं वर्तुळ आणि त्याला डोळ्याच्या दिशेने एक वाकडं शेपूट. शिकाऊ डॉक्टर त्याला माईंचं बेडूकपिल्लू म्हणत. त्यांच्या पुढल्या चाळीस वर्षांत एकही डोळा चुकला नव्हता.

या पथकाचा डॉक्टर त्याच शिकाऊंपैकी एक. हात कोपरापर्यंत कसे धुवायचे ते त्याला माईंनी शिकवलं होतं. आता त्याच्या डोक्याला टक्कल पडत आलं होतं आणि दरवर्षी सुट्टी काढून तो परदेशात मोतीबिंदूची फुकट ऑपरेशनं करायला जायचा. माई निवृत्त झाल्या तेव्हा तो पेढे घ्यायला आला आणि जाताना त्यांनाच मागून गेला. "माई, घरी बसून काय मटार सोलणार? चला माझ्याबरोबर."

सूनबाईंनी तोंड वाकडं केलं होतं. "आई, या वयात दोन विमानं आणि वर दिवसभराची गाडी? तिथे कोण आहे आपलं?"

"डोळे आहेत," माई म्हणाल्या होत्या.

वयाचा विषय निघाला की माई तो असाच उडवून लावत. कारण होतं. त्यांच्या आईला चौसष्टाव्या वर्षी विसर पडायला लागला. थोरल्या बहिणीला, ताईला, पासष्टाव्या. दोघींचंही सुरू झालं ते अशाच बारीकसारीक गोष्टींनी, एकच निरोप दोनदा देणं, गॅसवर रिकामं पातेलं ठेवणं. माईंना आता त्रेसष्टावं चालू होतं. घरातून निघताना त्या कुलूप लावत, चार पावलं जात, परत येऊन कुलूप ओढून बघत, आणि ओढून बघितल्याचं लक्षात राहावं म्हणून मोठ्यांदा म्हणत, "ओढलं."

तर त्या सकाळी व्हरांड्यात, तिसऱ्या बाकावर एक बाई बसली होती. चाळिशीची, हाडकुळी. तिच्या डाव्या भुवईवर बेडूकपिल्लू होतं. माईंनी यादी बघितली. बाईचं नाव यादीत नव्हतं. चेहरा तर माईंनी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला होता.

"हिला विचारा, ही खूण कुणी केली?" माई मास्तरीणबाईंना म्हणाल्या. मास्तरीणबाई त्याच शाळेत शिकवत. दोघींनाही मोडकीतोडकी येणाऱ्या एका तिसऱ्याच भाषेत त्यांचं आणि माईंचं बोलणं चालायचं. खाणाखुणांचं तोंडीलावणं असायचंच.

मास्तरीणबाईंनी विचारलं. बाईने उत्तर द्यायच्या ऐवजी बोट उचललं. माईंकडे.

"ती म्हणते, तुम्हीच."

"मी? कधी?"

"काल."

माईंनी खिशातून पेन काढून बघितलं. टोपण घट्ट होतं. खूण मात्र खरी होती, म्हणजे शेपटासकट खरी. माईंचं शेपूट नेहमी थोडं उजवीकडे वळतं, तसं तेही वळलेलं. अक्षर आपलं असावं आणि लिहिल्याचं आठवू नये, तसं झालं. त्यांनी कापसावर स्पिरिट घेतलं, खूण पुसली आणि बाईला तपासणीच्या रांगेत बसवलं. मास्तरीणबाईंना म्हणाल्या, "गर्दीत राहून गेलं असेल लिहायचं."

जेवायच्या सुट्टीपर्यंत आणखी तीन निघाले. एक दाढीवाला, एक लंगडा, एक गरोदर मुलगी. तिघांचीही नावं यादीत नाहीत. तिघांच्याही डाव्या भुवईवर जांभळं पिल्लू. आणि विचारलं की तिघांचंही बोट माईंकडे.

माईंनी तिन्ही पुसली. कुणाला बोलल्या नाहीत.

डॉक्टरला सांगायला हवं होतं. कारण डॉक्टर टेबलावर कागद बघत नसे, खूण बघे. एकदा चेहऱ्यावर हिरवं कापड पडलं की माणूस उरत नाही, भोकातून एक डोळा तेवढा उरतो. इथल्या बहुतेकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे नुसतं बघून कोणता करायचा ते कळायचं नाही. लेन्सचं माप मात्र एकाच डोळ्याचं घेतलेलं. "माईंचं पिल्लू आहे ना, मग झालं," असं तो अभिमानाने सगळ्यांना सांगायचा.

दुपारी जनरेटर बंद पडला. अर्धापाऊण तास काम थांबलं. नंतर दिवे आले तेव्हा मापवाला, म्हणजे डोळ्यांची मापं घेणारा पथकातला तंत्रज्ञ, कप हातात घेऊन माईंना शोधत आला.

"माई, कुठे होतात? चहाचं सरबत झालं."

"इथेच तर होते. पायरीवर. प्यायले की मी चहा."

"मग हा कोणाचा? पायरीवर मीच पसरलो होतो की. माझ्या पोटावर बसला होतात का?"

माई हसल्या. मापवाला नेहमीच थट्टा करायचा. पण तो गेल्यावर त्यांनी जिभेने टाळूला चाचपून बघितलं. चहाची चव नव्हती. पायरीवर ऊन होतं, समोर फुटका माठ होता, हे त्यांना स्वच्छ आठवत होतं. की ते कालचं?

संध्याकाळी आवराआवर करताना त्या शेवटच्या वर्गात कापसाचे गठ्ठे ठेवायला गेल्या. तो वर्ग कुणी वापरत नव्हतं. बाकं भिंतीला रचलेली, फळ्यावर कुठला तरी अर्धवट पुसलेला नकाशा. आणि मधोमध मुलांच्या दोन बुटक्या खुर्च्या समोरासमोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ. दोन माणसं बसून बोलत असावीत आणि आत्ता उठून गेली असावीत, तशा. माईंनी त्या खुर्च्या उचलून भिंतीला लावल्या. मग कोणी बघत नसताना उजव्या हाताची बोटं उजेडाकडे धरली. अंगठ्याच्या पेरावर जांभळा डाग होता. दिवसभर पेन धरणाऱ्या माणसाच्या बोटावर डाग असणारच, असं त्यांनी स्वतःला मोठ्यांदा सांगितलं.

दुसऱ्या दिवसअखेर अशा परक्या खुणा झाल्या सात.

तिसऱ्या दिवशी सकाळी व्हरांड्यात पाय टाकला तर पहिल्याच बाकावर पाच जण. ओळीने. पाचही जणांच्या डाव्या भुवईवर. पाचही जणांनी एकदम मान वळवली.

चौघांची नावं यादीत नव्हती. पाचवी राखाडी शाल घेतलेली म्हातारी होती. तिचं नाव यादीत होतं, नंबराची चिठ्ठी हातात होती. पण कागदावर उजवा डोळा होता आणि खूण डाव्यावर. उजवा डोळा पार पांढरा पडलेला. डाव्याने तिला अजून सावल्या दिसत होत्या, त्याच्या भरवशावर ती घरात वावरत होती. माईंनी तिची खूण पुसली. म्हातारीने त्यांचा हात धरला, अंगठ्याने माईंच्या मनगटावर जरा चोळलं आणि ओळखीचं हसली.

माई मास्तरीणबाईंना बाजूला घेऊन गेल्या. "खरं सांगा. मी यांना कधी भेटले? तुम्ही सतत माझ्याबरोबर आहात."

मास्तरीणबाईंनी पायात चपला सरकवल्या. मग म्हणाल्या, "मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे आणि तुम्ही दयेने चालवून घेताय. चला, दाखवते."

शाळेच्या फाटकाबाहेर, कुंपणाला आरसा टांगून, एक न्हावी बसला होता. त्याच्या फळीवर वस्तरा, साबण, आणि जखमेला लावतात त्या जांभळ्या औषधाची बाटली. बाटलीत काडी. माई समोर उभ्या राहिल्या तेव्हा त्याने गिऱ्हाईकाच्या गालावरचा वस्तरा काढला नाही.

"याला विचारा, हे काय चालवलंय?"

तो मान वाकडी करून सावकाश बोलला आणि मास्तरीणबाई सांगत गेल्या. "तो म्हणतो, चिठ्ठ्या पहिल्याच सकाळी संपल्या. चिठ्ठी नसेल तर दारवान हाकलतो. पण कपाळावर शिक्का असेल तर सोडतो. म्हणून तो शिक्का देतो. म्हणतो, तुमचा हात जरा घाईचा आहे. शेपूट याचं जास्त सुबक येतं."

"आणि सगळ्यांच्या डावीकडेच का?"

"पहिल्या दिवशी जो माणूस त्याने बारकाईने बघितला त्याच्या डावीकडे होती. त्याला वाटलं, शिक्का डावीकडेच मारतात."

माईंना हसू फुटलं. उभ्या जागी, उन्हात, त्या पदर तोंडाला लावून हसत राहिल्या. कालपासून छातीवर धोंडा घेऊन फिरत होत्या, तो एका न्हाव्याच्या काडीने उडवला होता. "आणि माझं नाव का सांगायला लावलं?"

"तो विचारतो, न्हाव्याने काढली म्हणून सांगितलं असतं तर तुम्ही घेतलं असतं आत?"

"शहाणाच आहे. त्याला म्हणावं, पुरे झाले आता हे बारा जण."

मास्तरीणबाईंनी सांगितलं. न्हाव्याने वस्तरा थांबवला. पहिल्यांदाच माईंकडे नीट बघितलं आणि काहीतरी म्हणाला.

"तो म्हणतो, अकरा."

"बारा. काल सात, आज पाच."

न्हाव्याने बोटांवर मोजलं. हाडकुळी, दाढीवाला, लंगडा, गरोदर मुलगी. प्रत्येकाचं नाव, प्रत्येकाचं घर त्याला पाठ होतं. कालचे सात बरोबर होते. आजचे चार झाले आणि तो थांबला.

"आणि राखाडी शालवाली?"

न्हाव्याने मान हलवली. मास्तरीणबाईंचा आवाज खाली आला. "ती आजी त्याच्याकडे आलीच नाही. तो म्हणतो, तिच्याकडे चिठ्ठी होती. ती कशाला येईल?"

परतताना व्हरांडा माईंना फार लांब वाटला. चपलेच्या आवाजावर माना वळत गेल्या. म्हातारी पहिल्या बाकावर तशीच बसली होती. माई तिच्यासमोर जमिनीवरच बसल्या.

"हिला विचारा, हिची खूण कोणी केली होती? न्हाव्याला मी काही करणार नाही, सांगा. खरं तेवढं सांग म्हणावं."

म्हातारी शांतपणे बोलत राहिली, माईंच्या खांद्यावरून पलीकडे बघत. मास्तरीणबाई मधेमधे थांबून सांगत होत्या. "ती म्हणते, काल दुपारी दिवे गेले तेव्हा. तुम्ही तिचा हात धरून शेवटच्या वर्गात नेलंत. लहान खुर्च्यांवर बसवलंत. कपाळावर काहीतरी गार टेकवलंत. मग बराच वेळ बोलत होतात. तिला काही कळलं नाही, पण तुम्ही रडत होतात, म्हणून ती उठली नाही. तुम्ही एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हणत होतात. तिला दिसत नसल्यामुळे ऐकलेलं पटकन पाठ होतं, म्हणते."

"काय म्हणत होते मी?"

हे मास्तरीणबाईंना विचारावं लागलं नाही. म्हातारीने शाल सावरली, घसा साफ केला, आणि तिला एक अक्षरही न कळणाऱ्या भाषेत, माईंच्याच हेलात, शब्द तोडत म्हणाली,

"ताईनं मला ओळखलं नाही."

मास्तरीणबाईंना त्यातलं काही समजलं नाही. व्हरांड्यातल्या कुणालाच समजलं नाही. माईंना समजलं. निघायच्या आदल्या दिवशी त्या ताईला भेटायला गेल्या होत्या. ताई दारातूनच म्हणाली होती, "घरात कोणी नाही हो, नंतर या." माईंनी हे मुलाला सांगितलं नव्हतं, सूनबाईंना सांगितलं नव्हतं. ताई छान आहे, खूप गप्पा मारल्या, असंच सांगितलं होतं. जगात हे वाक्य त्यांनी कुणाजवळही उच्चारलं नव्हतं. म्हणजे त्यांना आठवत होतं त्याप्रमाणे.

दोन टेबलांच्या मधल्या वेळात डॉक्टर हात धूत होता. माई त्याच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या आणि सगळं सांगितलं. न्हावी, अकरा, आजी, खुर्च्या. वाक्यसुद्धा सांगितलं.

डॉक्टर कोपरं वर धरून ऐकत होता. "माई, तुम्ही थकलात. तीन दिवस ऊन, झोप नाही. होतं असं. मीसुद्धा परवा चष्मा डोक्यावर ठेवून—"

"मला समजावू नकोस. थकले असते तर चूक केल्याचं आठवलं असतं. मला पायरी आठवते. त्या पायरीवर मी नव्हतेच."

"एकदा झालं."

"एकदा सापडलं," माई म्हणाल्या. "आजीचा डावा डोळा तू आज उघडला असतास. तिला हिंडायला तेवढाच आहे. तू कागद बघितला नसतास, कारण पिल्लू माझं होतं. हो की नाही?"

नळ तसाच वाहत होता. माईंनी तो कोपराने बंद केला.

"ऑपरेशन झालेले सगळे तपासायचे. पहिल्या दिवसापासूनचे. आत्ता. तोवर पुढचं टेबल घ्यायचं नाही. आणि यापुढे खूण तू करायचीस. कागद बघून, मोठ्यांदा वाचून. मी पेनाला हात लावणार नाही."

"माई, पथकातले लोक विचारतील."

"मग सांग. मी तिथेच उभी असेन."

शाळेच्या मोठ्या दालनात सतरंज्यांवर ऑपरेशन झालेले सगळे झोपले होते. एकोणसत्तर. मापवाल्याने कागद धरले, डॉक्टर एकेकापाशी वाकला. माई दाराच्या चौकटीला पाठ लावून उभ्या होत्या. मापवाल्याने पहिली दोन नावं नेहमीच्या थाटात वाचली, मग त्याचा आवाज बदलला.

"उजवा."

"उजवा."

"डावा."

"डावा."

एकविसाव्याला डॉक्टर थांबला. पट्टी डावीकडे होती, कागदावर अक्षर फिस्कटलेलं. माईंनी चौकट घट्ट धरली. मापवाला खिडकीपाशी गेला, कागद उन्हात धरला, मापाच्या यंत्राची पट्टी काढून जुळवली. "डावाच आहे," तो म्हणाला. "माझंच अक्षर घाण. माई, सॉरी."

एकोणसत्तर बरोबर निघाले. डॉक्टरने माईंकडे बघितलं, त्यांचा चेहरा मोकळा होईल या आशेने. माई म्हणाल्या, "चला, पुढचं टेबल लावा. आजीचं."

आजीच्या कपाळावर डॉक्टरने खूण केली. "उजवा," तो मोठ्यांदा म्हणाला, आणि मास्तरीणबाईंनी आजीला तिच्या भाषेत विचारून खात्री केली. त्याचं पिल्लू बेंगरूळ होतं, शेपूट नाकाकडे गेलेलं. माई टेबलाशेजारी स्टुलावर बसल्या, रिकाम्या हातांनी. हिरव्या कापडाखालून आजीचा हात बाहेर आला, चाचपडला, त्यांचा हात सापडल्यावर थांबला. पंचवीस मिनिटं तो तसाच होता. पंचवीस मिनिटं माई मनातल्या मनात मोजत होत्या, एक आकडा सोडून दुसरा, म्हणजे आपण इथे आहोत हे कळत राहावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्ट्या सोडल्या. आजी बाकावर बसली होती. डॉक्टरने कापूस उचलला, डोळा पुसला. तिने पापणी दोनतीनदा मिटली. मग तिने छत बघितलं, डॉक्टरचं टक्कल बघितलं आणि मनापासून हसली. मास्तरीणबाईंना बघितलं. माईंना बघितलं, त्यांच्या पांढऱ्या कोटावरून, चष्म्यावरून नजर फिरवली आणि पुढे गेली. कोणाला तरी शोधत असल्यासारखी.

मग तिने मास्तरीणबाईंना काही विचारलं.

"ती विचारते," मास्तरीणबाई म्हणाल्या, "ती बाई कुठे आहे? त्या दुपारची?"

डॉक्टर पुढे होऊन सांगणार होता. माईंनी त्याच्या दंडावर हात ठेवला.

"तिला सांगा, ती इथेच असते," माई म्हणाल्या. "पण येते कधी आणि जाते कधी, ते मला कळत नाही."

मास्तरीणबाईंनी माईंकडे बघितलं. त्या काही बदलून सांगतील असं डॉक्टरला वाटलं. पण त्यांनी जसंच्या तसं सांगितलं असावं, कारण आजीने हे अगदी नेहमीचंच काही असावं तशी मान हलवली, शाल गोळा केली, आणि बाकावर थोडी सरकून शेजारी जागा केली.